दोनशे तेरा नंबरचं पाकीट

डिंक पातळ हवा. वाळल्यावर चमकला तर समजावं, हात सैल सुटला.

*

आईचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, भाजीच्या कप्प्यात. आई म्हणाली, "बरं झालं, डोळे थंड राहतील."

*

'म्हाताऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि उजाडेपर्यंत गात राहिला. भाषा कोणती होती मला कळलं नाही. त्याला कळत होती.' प्रकरण नववं, पान एकशे अठ्ठ्याऐंशी.

*

एक मुलगा परीक्षेला दुसऱ्या दिवशी गेला. शिपाई म्हणाला, "अरे, पेपर काल झाला." मुलगा म्हणाला, "मग उद्याचा असेल तो द्या, आलोच आहे तर."

*

निळ्या शाईतलं पोस्टकार्ड: 'झोपडीत हे सापडलं. फळ्यांवर तुमचा पत्ता होता म्हणून पाठवत आहे. कळावे. रस्त्याच्या कामावरचा मुकादम.'

*

दोन झाडं. दोघांची फुलं पांढरी, देठ जांभळट, पानं एका मापाची. जुळ्या बहिणीच. एकीचं बी गुळगुळीत, दुसरीचं खडबडीत. बाकी देवालासुद्धा ओळखता यायचं नाही.

*

सूचना. बुधवारी सकाळी अकरा वाजता नमुना क्रमांक २१३ चं पाकीट समितीसमोर उघडण्यात येईल. छत्र्या व पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवाव्यात.

*

हे सगळे तुकडे एकाच बाईच्या टेबलावर येऊन पडले होते. टेबल वनस्पतिसंग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, जिथे उजेड डावीकडून येतो. तिथे तिला सगळे डिंकमावशी म्हणत. घरी ती मधली. वर एक ताई, खाली एक धाकटा. वाळलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर चिकटवणं हे तिचं काम, आणि ते ती एकतीस वर्षं करत होती.

लोक डोंगरदऱ्यांतून झाडं आणत. जुन्या वर्तमानपत्रांत घालून, दोन जाळीदार फळ्यांमध्ये पट्ट्यांनी आवळून, पापडासारखी चपटी करून. वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं असे: नंबर, तारीख, फुलाचा रंग, एखादा शब्द. मावशी ते उतरवून चिठ्ठी करायची, झाडाशेजारी लावायची आणि रद्दी टाकून द्यायची.

नियम दोनच होते, पण दगडावरची रेघ. झाडावरून पडलेलं काही फेकायचं नाही. पाकळी, बी, पानाचा तुकडा, सगळं कागदी पाकिटात आणि पाकीट त्याच कागदाच्या कोपऱ्यात. आणि एकदा लावलेली चिठ्ठी पुन्हा कधी काढायची नाही. चुकीची असली तरी. दुरुस्ती करायची तर तिच्याखाली नवी चिठ्ठी लावायची, सहीनिशी, तारखेनिशी. कपाटांत असे कितीतरी कागद होते की ज्यांवर सहा सहा विद्वान एकमेकांना खोटं पाडत गुण्यागोविंदाने एकाखाली एक बसलेले. "आपल्याकडे भांडण मिटवत नाहीत," मावशी नव्या मुलींना सांगे, "चिकटवतात."

हे दोन्ही नियम तिने जन्मभर पाळले. एका कागदावर मात्र तिने असं काही केलं होतं की ज्यासाठी नियमच नव्हता, कारण कुणी तसं करील असं नियम करणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं.

तो कागद दोनशे तेराचा.

*

भाऊजींचं पुस्तक घराघरांत होतं. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. एकोणतीस वर्षांपूर्वी ते डोंगरात गेले, तिथे त्यांना एक म्हातारा भेटला, आणि चौदा महिने त्यांनी त्याच्या हाताखाली काढले: झाडांशी बोलणं, नुसत्या श्वासावर रोग ओळखणं, आणि शेवटी ते पांढऱ्या फुलांचं झाड, ज्याचं पान चघळलं की माणूस स्वतःच्या जन्माआधीचं घर बघून येतो. तेरा तारखेला म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने खुडून दिलेली डहाळी अजून संग्रहालयात आहे, असंही त्यांनी लिहिलं होतं. अकरा आवृत्त्या निघाल्या. लोक दारात पुस्तक उराशी धरून उभे राहत आणि ताई त्यांना आतून ओरडून सांगे, "चपला बाहेर! आणि म्हाताऱ्याचा पत्ता विचारू नका, पुस्तकात नाही म्हणजे नाही!"

भाऊजींबरोबर धाकटा गेला होता. बावीस वर्षांचा, झाडांचा अभ्यास करणारा, तारखेचा पक्का वैरी. परीक्षेला दुसऱ्या दिवशी गेलेला मुलगा तो हाच. भाऊजींनी शिकायचं, याने झाडं दाबायची, असं ठरलं होतं. तो परत आला नाही. नवव्या प्रकरणात तो तापाने जातो, तेरा तारखेची रात्र म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन गातो, चौदाच्या पहाटे धाकटा डोळे उघडून म्हणतो, "आईला सांगा, मला काही दुखत नाही." मग म्हातारा स्वतः खड्डा खणतो. जवळची वस्ती तिथून तीन दिवसांच्या वाटेवर.

आई त्र्याऐंशीची. रोज संध्याकाळी चहानंतर मधलीने नववं प्रकरण वाचायचं आणि आईने डोळे मिटून ऐकायचं. महिन्याच्या चौदा तारखेला आई दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसे. एकोणतीस वर्षांतली एकही चौदा तिने चुकवली नव्हती.

आणि आता एक बाई उठली होती आणि म्हणत होती की म्हातारा नव्हताच.

ताईने तिचं नाव ठेवलं शंकासुर. बाई होती चाळिशीची, सतत सर्दी झालेली, हातात रुमाल, बोलणं इतकं नम्र की राग कुठे ठेवावा कळू नये. तिने त्या डोंगरातल्या सगळ्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या होत्या. असा म्हातारा कुणी पाहिला नव्हता. त्याची कितीतरी वाक्यं तिला ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत सापडली होती. भाऊजींची बाजू एकाच गोष्टीवर तगून होती: डहाळी. खोटं पुस्तक लिहिता येतं, पण खोटं झाड कसं उगवणार? तर शंकासुराने अर्ज केला की झाडच तपासा. त्याच्यासारखंच दुसरं एक झाड असतं; फुलं-पानं सारखी दिसतात, पण बी बोलतं. बी पाकिटात आहे. पाकीट उघडा.

संचालकांनी बुधवार दिला. घोडामैदान जवळ आलं.

*

मंगळवारी दुपारी मावशी एका नेच्याची मुळं चिकटवत होती. दारात सावली पडली.

"डिंकाचा वास येतो गं अजून," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, आता मशीन आलं असेल."

"मशीनने पाकळ्या मोडतात. बसा. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो."

ते त्याच स्टुलावर बसले. पांढरी दाढी, स्वच्छ सदरा, आणि नेहमीसारखे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे. मुलाखतींत दिसत तसे. मग एक हात उठला आणि टेबलावरचा चिमटा उचलून परत ठेवला. पुन्हा उचलला.

"ताईने पाठवलं?"

"तिला माहीत नाही. तिला वाटतंय मी दाताच्या डॉक्टरकडे आहे."

"मग दात दाखवूनच जा. नाहीतर संध्याकाळी तोंड उघडायला लावील."

ते हसले नाहीत. मावशीने ब्रश पाण्यात टाकला. एकोणतीस वर्षांत भाऊजी या खोलीत कधी आले नव्हते.

"उद्या ते पाकीट उघडणार म्हणे."

"अकराला."

"कोण उघडणार?"

"मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं संचालकांनी लिहून दिलंय."

"मग तुझ्याच हातात आहे सगळं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "अगं, आज उघडलं तर?"

मावशीने डिंकाचं झाकण लावलं. त्या पाकिटाची तिला स्वतःलाच धास्ती होती, आणि भाऊजींना ते कुठून कळलं, हेच तिला कळेना. तिच्याखेरीज कुणालाच ते ठाऊक नव्हतं. पार्सल आलं तेव्हा ती एकटी होती. मुकादमाचं पोस्टकार्ड, फळ्या, आणि त्यांत धाकट्याच्या हातची शेवटची झाडं. रद्दी टाकायची वेळ आली तेव्हा तिच्याने त्याचं अक्षर टाकवलं नाही. तिने समासाची ती पट्टी कापली, घडी केली आणि बियांबरोबर पाकिटात घातली. झाडाबरोबर आलेलं काही फेकायचं नाही. नियमातच बसत होतं. जे नियमात बसत नव्हतं ते दुसरंच. पट्टीवर तारीख होती सोळा. आणि धाकटा तर चौदाला गेलेला. तिने मनाशी म्हटलं, या मुलाला मेला तरी तारीख कळायची नाही. आणि चिठ्ठीवर लिहिलं, तेरा.

गोळा करणाऱ्याने लिहिलेलं सुधारायचं नाही. चूक असली तरी उतरवायची, आणि खाली सांगायचं की चूक आहे. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिने लाडक्या भावाची वही दुरुस्त करावी तशी तारीख दुरुस्त केली होती. पुढे त्याच तेरावर भाऊजींनी नववं प्रकरण उभं केलं.

"बिया तेवढ्या बदल," भाऊजी म्हणाले.

तिने मान वर केली. बिया?

"तुमच्याकडे पुस्तकातल्या झाडाच्या असतील. गुळगुळीत. चार-पाच टाक. कुणाला कळणार आहे?"

"पट्टी नाही?"

"कसली पट्टी?"

म्हणजे पट्टीचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांची भीती वेगळीच होती. मावशीने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि त्यांना बोलू दिलं. एकोणतीस वर्षं मुलाखती दिलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"दोन झाडं असतात," ते म्हणाले. "पुस्तकातलं वेगळं. ते काही करत नाही, नुसते रंग दिसतात, जीभ जड होते. दुसरं वाईट. मी वाचलं होतं, चित्रं पाहिली होती. मला वाटलं आपल्याला ओळखता येतं. धाकटा म्हणाला, भाऊजी, बी बघू या आधी. मी म्हटलं, बी बघत बसलास तर जन्म जाईल. तेराच्या संध्याकाळी दोघांनी घेतलं. त्याने जास्त. मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही सांगितलं. म्हाताऱ्याने नाही."

ते चिमटा उघडमीट करत राहिले.

"म्हातारा कुठे होता भाऊजी?"

"नव्हता."

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. पावलं वरच्या मजल्यावर गेली. दोघं ती संपेपर्यंत थांबली.

"सकाळी तो गार होता. मी नाडी बघितली. नव्हती." त्यांनी आपलंच मनगट धरून दाखवलं, करंगळीच्या बाजूने. मावशीच्या डोळ्यांसमोर ती चार बोटं गोठली. नाडी अंगठ्याच्या बाजूला असते. करंगळीखाली जिवंत माणसाचीही सहज लागत नाही.

"मग?"

"मग मी पळालो गं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, झाडं अंगावर चालून येत होती. मिळेल त्या गाडीत बसलो आणि एका लॉजवर जाऊन पडलो. तीन दिवस. अठराला मजूर घेऊन परत गेलो. मी आत गेलो नाही. बाहेर उभा होतो. मजुरांनीच सगळं केलं."

"तुम्ही आत गेला नाहीत."

"घरी आलो तर आई दारात. म्हणाली, त्याच्याजवळ कोण होतं शेवटी? काय सांगणार होतो मी?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं होतं ना. मी म्हाताऱ्याला आणून बसवला. आईला सांगितलं, ताईला सांगितलं, मग लिहिलं. लिहिलं की तो गायला लागला. डोंगरात काढलेले चौदा महिने मागाहून त्याच्या नावावर गेले. माझं मला खरं वाटायला लागलं. लोक बरे झाले ते पुस्तक वाचून, पत्रं आहेत माझ्याकडे, पोतंभर. ते सगळं आता चार बियांवर ओवाळून टाकायचं?"

मावशीला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. तो येईना, कारण डोक्यात दुसरंच काही वळवळत होतं. पट्टीवर तारखेच्या पुढे धाकट्याने आणखी लिहिलेलं होतं. ते तिने चिठ्ठीवर घेतलंच नव्हतं. तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नव्हता, आणि अर्थ न लागलेली ओळ चिठ्ठीवर शोभत नाही. तिला ते तोंडपाठ होतं. 'बी खडबडीत. हे ते झाड नव्हे.'

हे ते झाड नव्हे. म्हणजे जे घेतलं ते चुकीचं. म्हणजे घेतल्यानंतर लिहिलेलं.

"उठा भाऊजी," ती म्हणाली. "दाताचा डॉक्टर सहाला बंद करतो."

"मग बिया?"

"आईला काय ऐकवायचं ते तिला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही."

"आईला?" ते उठताना स्टूल कलंडलं. "वेड लागलंय का तुला? मरेल ती!"

*

नववं प्रकरण, पुस्तकातलं: तापाने फणफणलेला तरुण, मांडी, गाणं, पहाट.

नववं प्रकरण, आईच्या तोंडचं, फोनवर कुणालाही: "अहो त्या म्हाताऱ्याने पोटच्या पोरासारखं केलं हो त्याचं. माझ्याने झालं नसतं एवढं."

नववं प्रकरण, पट्टीवरचं: '२१३. ता. १६. फुलं पांढरी, मिटलेली. बी खडबडीत. हे ते झाड नव्हे.' शेवटच्या तीन शब्दांशी अक्षर उतरणीला लागलेलं. मावशीला तेव्हा वाटलं होतं, गुडघ्यावर कागद धरून लिहिलं असेल.

*

संध्याकाळी तिने पुस्तक उघडलंच नाही. घसा बसलाय म्हणाली. आईने डोळे न उघडता म्हटलं, "खोटं बोलताना तरी खोकावं माणसाने." पण हट्ट केला नाही.

ताईचा फोन आला. "ऐक, उद्या त्या शंकासुराशी एक अक्षर बोलायचं नाहीस. पाकीट उघडायचं, बाजूला व्हायचं. हे जेवलेसुद्धा नाहीत. म्हणतात दात काढला. दात आहे तिथेच आहे, मी बॅटरी मारून बघितलं. काय चाललंय तुम्हा लोकांचं?"

"उद्या बोलू."

"उद्या उद्या काय! धाकट्यासारखी करू नकोस."

सकाळी, आईचे केस विंचरताना, मधलीने सांगितलं. पाठीमागे उभी राहून, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. म्हातारा नव्हता हे सांगितलं. झाड चुकलं हे सांगितलं. भाऊजी पळाले हे सांगितलं. कंगवा तसाच केसांत होता.

आईने मांडीवरचा गळलेला केस बोटाला गुंडाळला.

"सोळा तारीख म्हणतेस."

"हो."

"त्याच्या तारखेचा काय भरवसा?"

"मीही तेव्हा तसंच म्हटलं गं. पण बी बघितलं तर तेराच्या रात्रीनंतरच बघितलं असणार. आधी भाऊजींनी बघू दिलं नाही. आणि सकाळी भाऊजी निघाले तेव्हा त्यांच्या मते तो गेलेला होता. म्हणजे उठून त्याने झाड दाबलं, नंबर घातला. सोळा असो नाहीतर पंधरा. होता तो."

"एकटा?"

"एकटा."

आईने हात मागे नेऊन कंगवा काढून घेतला आणि स्वतःच विंचरू लागली, फार हळू.

"लिहीत होता म्हणजे शुद्धीवर होता. जरा बरं नसलं की अभ्यासाला शिवायचा नाही तो." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन दिवस जास्तीचे होते त्याचे, आणि मी दर महिन्याला त्याला चौदालाच निरोप देत आले."

मधली रडू लागली. आईने तिला तसंच रडू दिलं, समजूत घातली नाही.

"आणि ती मांडी," आई म्हणाली, "माझंही मन कधी मानलं नाही. त्याच्या डोक्याला हात लावलेला खपायचा नाही त्याला. न्हाव्याकडे जायचा म्हणजे घरात लढाई. मी म्हणायची, मरताना बदललं असेल पोरगं." तिने कंगवा खाली ठेवला. "जा. उशीर करू नको. आणि त्याच्या हातचं जे आहे ते मला वाचून दाखव, संध्याकाळी."

*

नऊ वाजता डिंकमावशीने कपाट उघडलं. दोनशे तेरा बाहेर काढला. तिच्या तरुणपणच्या गोल अक्षरातली चिठ्ठी: तारीख तेरा. तिने नवीन चिठ्ठी कापली, लिहिली, पातळ डिंक लावला, जुनीच्या खाली बसवली आणि वर शिशाचं वजन ठेवलं. पाकिटाला हात लावला नाही. टेबलाच्या खणात गुळगुळीत बियांची डबी होती. काल भाऊजी गेल्यावर तिनेच ती काढून ठेवली होती, हे इथे सांगायलाच हवं. ती डबी तिने जागेवर नेऊन ठेवली.

अकराला खोलीत पाच माणसं. संचालक, शंकासुर, ताई, भाऊजी, आणि वजन उचलणारी मावशी.

शंकासुर बाईने नाक पुसलं, भिंग काढलं आणि वाकली. तिची नजर पाकिटावर जायच्या आधी चिठ्ठीवर अडकली.

"ही ओली आहे."

"आज सकाळी लावली."

"आज?" संचालकांचा आवाज चढला. "मावशी, परवानगी कुणाची घेतलीत?"

"दुरुस्तीला परवानगी लागत नाही साहेब. सही लागते. सही आहे."

शंकासुर बाईने मोठ्याने वाचलं. "'वरच्या चिठ्ठीवरची तारीख चुकीची आहे. गोळा करणाऱ्याने सोळा लिहिली होती. मी ती बदलून तेरा केली. मूळ कागद पाकिटात.'" तिने भिंग खाली घेतलं. "तुम्ही बदललीत?"

"मी."

"का?"

"तो माझा भाऊ. मला वाटलं, त्याची चूक झाली."

ताई खुर्चीतून अर्धी उठली. "अगं काय बोलतेस तू?"

भाऊजी बसून होते. हात गुडघ्यांवर पालथे. मावशीने पात्याने पाकिटाची घडी सोडवली, पाच बिया पांढऱ्या बशीत आल्या, आणि त्यांच्यामागून वर्तमानपत्राची पिवळी पट्टी. शंकासुर बाईने आधी बिया पाहिल्या. खडबडीत, म्हणाली, आणि तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता, तो लपवायला तिने पुन्हा नाक पुसलं. मग तिने पट्टी वाचली. एकदा मनात. मग मोठ्याने, आणि या खेपेला आवाजात आनंद नव्हता.

"सोळा?" भाऊजी म्हणाले.

त्यांचा उजवा हात उठला, डाव्या मनगटावर गेला, करंगळीच्या बाजूला. तिथे दाबून बसले. मग बोटं हळूहळू सरकत पलीकडे गेली, अंगठ्याच्या बाजूला. तिथे थांबली. थांबलीच.

"कोण सोळा, काय सोळा?" ताई म्हणाली. "चौदाला गेला ना तो? अहो, बोला काहीतरी! सोळाला तुम्ही कुठे होतात?"

"लॉजवर."

"कसलं लॉज? तीन दिवसांची वाट होती ना तिथून?"

"धुकं होतं," भाऊजी म्हणाले.

"मी धुक्याचं विचारलं नाही. रस्ता किती लांब होता ते विचारतेय. पुस्तकातला नाही. तुम्ही चाललात तो."

भाऊजींची बोटं नाडीवर होती.

संचालकांनी विचारलं की इतिवृत्तात काय लिहायचं. शंकासुर बाईने भिंग डबीत ठेवलं. म्हणाली, "झाडाचं लिहा. बाकीचं यांच्या घरचं आहे." मग जाता जाता मावशीजवळ थांबली. "मला फक्त म्हातारा नव्हता एवढंच सिद्ध करायचं होतं."

"तुमचं बरोबर होतं," मावशी म्हणाली.

तिने बिया मोजून परत पाकिटात घातल्या, पाच. पट्टीवरचा मजकूर एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतला, तारखेसकट, जसा होता तसा, संध्याकाळी वाचायला. पट्टी पाकिटात ठेवली. दोनशे तेरा कपाटात गेला, दोनशे बारा आणि दोनशे चौदाच्या मध्ये. हो, दोनशे चौदाही होता. एक गवत, साधं, वाटेकडेला उगवतं तसलं. त्याच्या पाकिटातल्या पट्टीवर तारीख सतरा. त्या चिठ्ठीवर मावशीने तेव्हा तारीख कोरीच सोडली होती. खालची नवी चिठ्ठी तिने दुपारी लावली.

*

झोपडीपासून पक्क्या रस्त्यापर्यंत चालत चाळीस मिनिटं लागतात.